ऑक्सिजनशिवाय जीवाणू जगतात कसे? गोबरगॅसच्या टाकीतून समजून घेऊया

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर तुटला होता. तो पुन्हा जुळला एका चुकीमुळे, आणि चूक माझीच होती.

सातारा जिल्ह्यात आमच्या काकांकडे दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. जुन्या पद्धतीचा, वर तरंगणारी लोखंडी टाकी असलेला. पाच जनावरं, रोज साधारण ५० किलो शेण, तेवढंच पाणी, आणि त्यावर घरचा दोन वेळचा स्वयंपाक. मागच्या वर्षी घरात बारसं झालं आणि भात, शिरा, जिलेबी असं बरंच जेवण उरलं. मी काकांना म्हटलं, "काका, हे टाकून कशाला देताय? शेणासारखंच सेंद्रिय आहे, गोबरगॅसमध्ये घाला बिनधास्त." दोन दिवसांत जवळजवळ दीड क्विंटल अन्न आत गेलं.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. "अरे, टाकी तर टम्म वर आलीय, पण शेगडी पेटंना!"

गॅस भरपूर, पण तो जळत नाही. हे कोडं सोडवायला मी जे वाचलं, तेच या लेखात मांडतोय. कारण ऑक्सिजन नसताना जीवाणू अन्नाचं काय करतात, हे समजलं की त्या न पेटणाऱ्या शेगडीचं कारणही समजतं.

आधी थोडक्यात उत्तर

अन्नातून ऊर्जा काढायची तर त्यातले इलेक्ट्रॉन काढून कोणाला तरी द्यावे लागतात. आपण ते ऑक्सिजनला देतो. ऑक्सिजन नसेल तर जीवाणूंपुढे दोन मार्ग असतात:

१. ऑक्सिजनऐवजी दुसरा ग्राहक शोधायचा, म्हणजे नायट्रेट, लोह, सल्फेट असं काहीतरी. हे खरं विनॉक्सी श्वसन.

२. बाहेरचा ग्राहक न शोधता इलेक्ट्रॉन अन्नाच्याच तुकड्यांना परत देऊन टाकायचे. हे किण्वन, म्हणजे आंबवणं.

शाळेच्या पुस्तकात या दोन्हींना मिळून 'विनॉक्सी श्वसन' म्हटलेलं असतं. सूक्ष्मजीवशास्त्रात मात्र हे दोन वेगळे प्रकार मानतात आणि फरक महत्त्वाचा आहे. आता सविस्तर बघू.

अडचण अन्नाची नाही, इलेक्ट्रॉनची आहे

ग्लुकोजचा एक रेणू घ्या. पेशी पहिल्यांदा त्याचे दोन तुकडे करते. या क्रियेला ग्लुकोज-विघटन म्हणतात आणि त्यातून पायरुविक आम्लाचे दोन रेणू मिळतात. या टप्प्याला ऑक्सिजन लागतच नाही. त्यातून पेशीला २ एटीपी मिळतात. एटीपी म्हणजे पेशीचे सुटे पैसे, प्रत्येक कामासाठी तेच खर्च होतात.

पण या क्रियेत ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉनही निघतात. ते वाहून नेणारा एक रेणू असतो, त्याचं नाव एनएडी. याला डेअरीचा दुधाचा कॅन समजा. गावातून भरलेला कॅन डेअरीत जातो, रिकामा होतो आणि परत येतो. डेअरी बंद असेल तर सगळे कॅन भरून पडून राहतात. गोठ्यात दूध असतं, पण काढायला भांडं नसतं.

पेशीत एनएडीचा साठा असाच मर्यादित असतो. सगळे एनएडी इलेक्ट्रॉननी भरले की ग्लुकोज समोर असूनही विघटन थांबतं. ऑक्सिजन असेल तर तो या साखळीच्या शेवटी उभा असतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी बनतं. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर भरपूर एटीपी तयार होतात. आपल्या पेशींत ग्लुकोजच्या एका रेणूमागे एकूण ३८ एटीपी मिळतात असं आपण शाळेत पाठ केलं. आजचा हिशोब ३० ते ३२ च्या आसपास आहे. ऑक्सिजनशिवाय नुसतं किण्वन केलं तर? बहुतेक वेळा फक्त २.

म्हणून विनॉक्सी जगाचा एकच प्रश्न असतो: कॅन कुठे रिकामे करायचे?

मार्ग पहिला: दुसरा ग्राहक शोधणं

इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या पदार्थांची एक उतरंड असते. जो जास्त जोराने इलेक्ट्रॉन ओढतो, त्याच्याकडून जास्त ऊर्जा मिळते. उतरत्या क्रमाने ती साधारण अशी:

- ऑक्सिजन
- नायट्रेट
- मँगनीज आणि लोह यांची ऑक्साइडं
- सल्फेट
- कार्बन डायऑक्साइड

पाण्याखालच्या चिखलात वरून खाली गेलं तर ढोबळमानाने हाच क्रम सापडतो. वरचा ग्राहक संपला की खालच्याची पाळी येते.

यातल्या बऱ्याच गोष्टी आपण रोज बघतो, फक्त नाव माहीत नसतं. भातखाचरात पाणी साचलेलं असताना जमिनीतला नायट्रेट जीवाणू 'श्वासाला' वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. म्हणजे शेतकऱ्याने विकत घेतलेल्या खतातला काही भाग हवेत जातो. लाल माती बरेच दिवस पाण्याखाली राहिली की राखाडी पडते, कारण जीवाणूंनी तिच्यातल्या लोहाला इलेक्ट्रॉन दिलेले असतात. आणि मुंबईच्या खाडीतला काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल? समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. सल्फेटवर जगणारे जीवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. वास त्याचा. काळा रंग त्या वायूने लोहाशी मिळून बनवलेल्या आयर्न सल्फाइडचा.

मार्ग दुसरा: किण्वन

इथे बाहेरचा ग्राहकच नसतो. जीवाणू इलेक्ट्रॉन पायरुविक आम्लालाच किंवा त्यापासून बनलेल्या पदार्थाला देऊन टाकतात. कॅन रिकामे होतात, विघटन चालू राहतं, आणि जे उरतं ते पेशीबाहेर फेकलं जातं. ते 'उरलेलं' म्हणजेच आपलं दही.

विरजण लावल्यावर लॅक्टिक आम्लाचे जीवाणू दुधातली साखर घेतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आम्ल वाढलं की दुधातलं प्रथिन गोठतं. इडलीच्या पिठात ल्युकोनोस्टॉक नावाचा जीवाणू आम्लासोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतो, म्हणून पीठ फुगून वर येतं. किण्व, म्हणजे यीस्ट, अल्कोहोल बनवतं, पण ते जीवाणू नाही, बुरशीच्या कुळातलं आहे.

दही लावताना आपण भांड्यातली हवा काढून टाकत नाही, हे लक्षात घ्या. हे जीवाणू ऑक्सिजन सहन करतात, फक्त तो वापरत नाहीत. काही जीवाणू ऑक्सिजन असेल तर श्वसन करतात आणि नसेल तर किण्वनावर येतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा असा दोन्हीकडे चालणारा गडी. आणि काहींना ऑक्सिजन म्हणजे विषच. ऑक्सिजनपासून पेशीत तयार होणारे सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मोडून टाकण्याची पुरेशी व्यवस्था त्यांच्याकडे नसते. धनुर्वाताचा जीवाणू या गटातला. म्हणूनच खोल, अरुंद जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे धनुर्वाताचा धोका जास्त.

किण्वनात एक गोष्ट मात्र विसरू नका: अन्नातली बहुतेक ऊर्जा त्या टाकाऊ पदार्थातच शिल्लक असते. आता हा टाकाऊ माल दुसरं कोणीतरी खाणारच. इथून गोबरगॅसची गोष्ट सुरू होते.

टाकीतली चार टप्प्यांची साखळी

एकच जीवाणू शेण खाऊन मिथेन सोडतो असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. टाकीत चार गट असतात आणि प्रत्येक गट आधीच्याने टाकून दिलेलं खातो.

पहिला टप्पा: तोडणी. काही जीवाणू पेशीबाहेर विकरं सोडतात. ती सेल्युलोज, स्टार्च, प्रथिनं, मेद यांचे लांब रेणू तोडून साखर, अमिनो आम्लं, मेदाम्लं असे छोटे तुकडे करतात. काडीकचऱ्याच्या बाबतीत हा टप्पा सावकाश चालतो. शिजलेल्या भाताच्या बाबतीत झपाट्याने.

दुसरा टप्पा: आम्लनिर्मिती. किण्वन करणारे जीवाणू हे तुकडे खाऊन अ‍ॅसेटिक, प्रोपियॉनिक, ब्युटिरिक अशी आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा गट चपळ असतो. अन्न मिळालं की काही तासांतच दुप्पट होतो.

तिसरा टप्पा: मोठ्या आम्लांपासून अ‍ॅसेटिक आम्ल. मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. प्रोपियॉनिक आम्लापासून अ‍ॅसेटिक आम्ल बनवायची क्रिया सामान्य परिस्थितीत होऊच शकत नाही, कारण तिच्यातून ऊर्जा मिळण्याऐवजी ती वरून द्यावी लागते. ती तेव्हाच परवडते जेव्हा आजूबाजूचा हायड्रोजन जवळजवळ शून्य असतो, म्हणजे त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी. मग हायड्रोजन हटवणार कोण? शेजारी बसलेला चौथा गट. तो हायड्रोजन तयार होताक्षणी खाऊन टाकतो. एकाचं पोट भरलं तरच दुसऱ्याचं भरतं. याला सहपोषण म्हणतात. ही जोडी इतकी घट्ट असते की मिथेन बनवणारा एक 'जीवाणू' कित्येक वर्षं एकच जीव समजला जात होता. १९६७ मध्ये ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ते मुळात दोन वेगळे सूक्ष्मजीव आहेत.

चौथा टप्पा: मिथेन. हे काम करणारे मिथेनजनक तर जीवाणूही नाहीत! १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या आरएनएची तुलना करून दाखवलं की त्यांचा वंश जीवाणूंपासून पूर्ण वेगळा आहे. आज त्या गटाला आर्किया म्हणतात. गोबरगॅससारख्या टाकीत साधारण ७० टक्के मिथेन अ‍ॅसेटिक आम्ल तोडून बनतो आणि उरलेला हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून. दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रॉनचा ग्राहक कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे मघाच्या उतरंडीची शेवटची पायरी.

हे सूक्ष्मजीव बाहेरून विकत आणावे लागत नाहीत. गाईच्या पोटातही अशीच साखळी चालते, त्यामुळे शेणाबरोबर ते आपोआप येतात.

आता हिशोब बघा. ग्लुकोजचं पूर्ण रूपांतर झालं तर एका रेणूपासून तीन मिथेन आणि तीन कार्बन डायऑक्साइड मिळतात. ग्लुकोज ऑक्सिजनमध्ये जाळून जी ऊर्जा मिळाली असती, तिच्यातली सुमारे ८५ टक्के या तीन मिथेनमध्ये तशीच शिल्लक राहते. चारही गटांना मिळून उरलेल्या १५ टक्क्यांत संसार करावा लागतो. ऑक्सिजन नसल्यामुळे जी ऊर्जा त्यांना काढता आली नाही, ती आपण शेगडीवर ऑक्सिजन देऊन काढतो. गोबरगॅस म्हणजे एवढंच.

मग आमची टाकी का बिघडली?

आमच्या कामात एक नेहमीची भानगड असते. चार प्रोग्राम एकापाठोपाठ एक काम करतात, पहिला फार वेगाने माल पाठवतो आणि शेवटचा हळू असतो. मधली रांग वाढत जाते आणि शेवटी सगळी सिस्टीम झोपते. टाकीत हेच झालं होतं.

शेणातली सहज पचणारी साखर गाईने आधीच वापरलेली असते. उरतो तो मुख्यतः चोथा, आणि तो सावकाश तुटतो. त्यामुळे सगळी साखळी आपल्या संथ चालीने चालते. आम्ही एकदम स्टार्च आणि साखर ओतली. आम्ल बनवणारे जीवाणू तुटून पडले. मिथेनजनकांना, विशेषतः अ‍ॅसेटिक आम्लावर जगणाऱ्यांना, दुप्पट व्हायला काही दिवस लागतात. ते मागे पडले आणि आम्ल साचलं.

त्यात दुसरं संकट. मिथेनजनकांना पीएच साधारण ६.८ ते ७.५ लागतो. आम्ल साचून पीएच घसरला की ते आणखी मंदावतात, म्हणून आम्ल आणखी साचतं. हायड्रोजनही हटत नाही, त्यामुळे तिसरा टप्पाही बंद पडतो. आम्ही पट्टीने तपासलं तेव्हा पीएच साडेपाचच्या आसपास होता आणि बाहेर पडणाऱ्या स्लरीला आंबूस वास येत होता.

आणि ती टम्म वर आलेली टाकी? चांगल्या गोबरगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. आमच्या टाकीत दुसऱ्या टप्प्यातल्या कार्बन डायऑक्साइडचीच भर पडत होती. तो जळत तर नाहीच, उलट ज्योत विझवतो.

दुरुस्ती कशी केली?

काकांना वाटत होतं, ताजं शेण जास्त घातलं की ताळ्यावर येईल. मनात येणारा पहिला उपाय तोच, पण रांग तुंबलेली असताना आणखी माल पाठवून उपयोग नसतो. आम्ही असं केलं:

१. आत काहीही घालणं पूर्ण बंद केलं.

२. साचलेला गॅस मोकळ्या जागेत, विस्तवापासून लांब सोडून दिला.

३. पाण्यात भिजवलेला चुना थोडा थोडा करून दोन-तीन दिवसांत घातला. एकदम नाही.

४. शेजारच्या चालू गोबरगॅसमधून सात-आठ बादल्या स्लरी आणून घातली. हे एक प्रकारचं विरजणच, मिथेनजनकांचं.

५. आठवडाभरानंतर पीएच सातच्या जवळ आल्यावर रोज दोन-दोन घमेली शेणकाला सुरू केला आणि हळूहळू वाढवला.

साधारण तीन आठवड्यांनी निळी ज्योत परत आली. तोवर काकू चुलीवर स्वयंपाक करत होत्या, आणि धुराने डोळे चोळताना एकदाही मला काही बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सगळ्यात महत्त्वाचं: टाकीत उतरू नका

मधल्या काळात एका गृहस्थांनी सल्ला दिला होता, "माणूस उतरवा आत, घाण काढून घ्या." काकांनी माणूस ठरवलाही होता. त्या रात्री मी वाचत बसलो नसतो, तर काय झालं असतं याचा विचार अजूनही करवत नाही.

वर सांगितलेली सगळी रसायनं आठवा. आत ऑक्सिजन नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खड्ड्याच्या तळाशी साचतो. सोबत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते. म्हणजे 'वास येत नाही, आता सुरक्षित आहे' हा समज जीव घेऊ शकतो. एक बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. सेप्टिक टँक, गटार, मळीचा खड्डा, सगळीकडे हेच लागू. संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँक किंवा गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. आत कोणी पडलंच, तर मागोमाग उडी मारू नका. अग्निशमन दलाला बोलवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*खरकटं गोबरगॅसमध्ये चालतं का?*
चालतं, आणि गॅसही चांगला देतं. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या 'आरती' संस्थेने स्वयंपाकघरातल्या पिष्टमय कचऱ्यावर चालणारं घरगुती संयंत्रच तयार केलं आणि त्यासाठी २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळवला. फक्त रोज थोडं घाला आणि सवय लागू द्या. आमची चूक अन्न घालण्यात नव्हती, एकदम घालण्यात होती.

*थंडीत गॅस कमी का येतो?*
मिथेनजनकांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यात बरं वाटतं. थंडीत ते मंदावतात. म्हणून थंडीत शेणकाला थंड पाण्यात कालवू नका आणि रोजचं प्रमाणही वाढवू नका.

*एक किलो शेणापासून किती गॅस?*
ताज्या शेणापासून ढोबळमानाने ४० लिटर. म्हणून दोन घनमीटरला रोज ५० किलो.

*टाकी आजारी पडतेय हे आधी कसं कळेल?*
ज्योत निळ्याऐवजी अस्थिर होते, स्लरीला आंबूस वास येतो, पीएच ६.५ च्या खाली जातो. पीएचच्या पट्ट्या स्वस्त असतात, घरात ठेवा. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी काही घालू नका.

शेवटी

ऑक्सिजनशिवायचं जीवन म्हणजे काटकसरीचा संसार. एकाचा कचरा दुसऱ्याचं अन्न, आणि सगळ्यांचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या हातात. मी त्या हळू चालणाऱ्याला न विचारता पंगत वाढली होती.

आता काकांनी शेणकाला कालवायच्या हौदाजवळ खडूने लिहून ठेवलंय: 'खरकटं रोज एक घमेलं, जास्त नाही.' खाली माझं नावही लिहिलंय. ते कौतुकाने की टोमणा म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही.